एकावन्न रुपये कुठे गेले?

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवात रुसवेफुगवे काही नवे नाहीत. वाण कुणाला कोणतं मिळालं, उखाणा कुणी घेतला नाही, यावरून थोडंफार होतंच. पण गेल्या संक्रांतीला धनजला जे झालं, ते तिळगुळाने गोड होण्यासारखं नव्हतं.

धनज म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं माझं सासर. आम्ही नोकरीपायी शहरात राहतो, पण सणावाराला जाणंयेणं असतं. तिथल्या दहाबारा जणींनी मिळून चार वर्षांपूर्वी एक खोली मिळवली आणि मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. घरी एकच खोली, तिथेच टीव्ही, तिथेच चूल, पाहुणा आला की आधी मुलीचं दप्तर आवरायचं. अशा मुलींना दोन तास शांत बसायला जागा हवी, एवढाच हेतू. दोन सतरंज्या, चार ट्यूबलाइट, एक कपाट. खर्च गावातल्या वर्गणीतून. खजिनदार माझ्या थोरल्या जाऊबाई.

त्या दिवशी हळदीकुंकवाला चाळीसेक बायका जमल्या होत्या. अत्तरदाणी फिरत होती. एवढ्यात कोपऱ्यातल्या एक आजी सरळ म्हणाल्या, "काव बाई, मागच्या दिवाईले म्या एकावन्न रुपये देल्ले होते. ते कुठी गेले? मले त कोनं काही सांगतलंच नाही!"

आजींच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. सहज विचारलं. पण खोलीत एकदम शांतता पसरली. मग मागून कुणीतरी कुजबुजलं, "यांच्या घरी नवा मिक्सर आला म्हणे." तो मिक्सर पुण्याच्या मुलाने आईला पाठवला होता, हे मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक नव्हतं. जाऊबाईंच्या हातातलं तबक थरथरलं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेची किल्ली आणि एक चुरगळलेली वही त्यांनी एका मुलीच्या हाती अध्यक्षीणबाईंकडे पाठवून दिली. खोलीला कुलूप लागलं. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि सात मुलींना बसायला जागा नाही!

चोरी झाली नव्हती, तरी

आम्ही दोघीतिघी ती वही घेऊन बसलो. एका पानावर "लाइट बिल दिले", पुढे आकडा नाही. दुसऱ्या पानावर "सतरंजी २", कुठून आणल्या ते नाही. एका मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे भरले होते, ते कुठेच नव्हते. आम्ही दुकानदाराला विचारलं, विजेची बिलं गोळा केली, आठवून आठवून जुळवलं. दोन दिवसांनी हिशेब लागला, तेव्हा काय निघालं माहीत आहे? वर्गणीपेक्षा खर्चच जास्त होता. वरचे पैसे जाऊबाईंनी स्वतःच्या पदरचे घातले होते आणि ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

म्हणजे बाई प्रामाणिक, पैसा योग्य ठिकाणी लागलेला, काम चांगलं. तरीही अभ्यासिका बंद पडली. का? पावती नव्हती, नोंद नव्हती, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे. हिशेब मागितला की अविश्वास दाखवला असं होतं! "आपल्यातल्या आपल्यात पावती कसली?" असं आपण म्हणतो आणि ते मोठ्या मनाचं लक्षण समजतो. मला मात्र त्या दोन दिवसांत पुरतं पटलं, की पावती चोराला पकडण्यासाठी थोडी आणि प्रामाणिक माणसाला वाचवण्यासाठी जास्त असते. ज्या बाईच्या हाती चार लोकांचा पैसा आहे, तिला हिशेबाची वही म्हणजे पावसातली छत्री. आम्ही जाऊबाईंना पैसे दिले, जबाबदारी दिली, छत्री मात्र दिली नाही.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. भिशी बघा ना! वीस बायका दर महिन्याला पैसे काढतात, वर्षानुवर्षं चालते, भांडण क्वचितच होतं. कारण चिठ्ठी सगळ्यांसमोर निघते, कुणाला किती मिळाले ते सगळ्यांना दिसतं, आणि पुढची तारीख ठरलेली असते. मग भिशीला जे साधतं ते मंडळाला, अभ्यासिकेला, बालवाडीला का साधू नये?

हिंगण्याच्या माळावरून

मोठ्या संस्थाही एके काळी अशाच लहान होत्या. आज पुण्याच्या कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या इमारती पाहिल्या, की तिथे १९०० साली माळावर एक झोपडी होती हे खरं वाटत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. पुढे गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जमीन दिली आणि तिथे आश्रम उभा राहिला. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि काम संपलं की चिखल तुडवत पायी हिंगण्याला जायचे.

लोकांनी त्यांच्यावर विश्वास का ठेवला? विधवाविवाह केलेला माणूस, समाजाने आधीच वाळीत टाकलेला. अशा माणसाच्या झोळीत पैसे टाकायला कोण धजणार? पण मंडळी स्थापन करताना त्यांनी आधी स्वतःच्या शिल्लकीतले एक हजार रुपये दिले, मग दुसऱ्यापुढे हात पसरला. कमावू लागल्यापासून रुपयामागे पैसा बाजूला काढायची त्यांची सवय होती. त्या पैशातून त्यांनी आपल्या गावासाठी, मुरुडसाठी, फंड उभा केला. म्हणजे आश्रमाच्या आधीच लोकांना कळून चुकलं होतं, की या माणसाजवळ ठेवलेला पैसा जागच्या जागी राहतो. पत ही अशी वर्षानुवर्षं साठते. वर्गणीच्या दिवशी ती अचानक कुठून आणणार?

यातली दुसरी बाजूही आपण बायकांनी बघायला हवी. अण्णासाहेबांनी स्वतःची पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. घरी बाया कर्वे, लहान मुलं! त्या संसाराची ओढाताण किती झाली ते बायांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं आहे. म्हणून मी म्हणते, सेवाभाव थोर, पण मंडळाचा खड्डा स्वतःच्या पदरातून गुपचूप भरत राहणं ही चांगली सवय नव्हे. पैसे घालायचेच असतील तर तेही पावती फाडून घाला. नाहीतर मंडळाचा खरा खर्च किती हे कुणालाच कळत नाही, आणि तुम्ही एक दिवस थकलात की सगळं कोसळतं.

मागायचं कसं?

"आम्हाला मागायला लाज वाटते हो," असं पुष्कळ जणी म्हणतात. त्यांना मी पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगते. पार्वतीबाई बायांच्या धाकट्या बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरात एक मुलगा, लिहिणंवाचणं बेताचंच. पंचविशी उलटल्यावर त्या शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या आणि गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करू लागल्या. त्या काळी एका विधवेने परक्यांच्या दारी जाणं, सभेत उभं राहून बोलणं सोपं का होतं? इंग्रजीवाचून काम अडतं असं वाटलं, तर १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० साली परतल्या. पुढे 'माझी कहाणी' या नावाने त्यांनी हे सगळं लिहिलं.

आपल्याला अमेरिकेला जायचं नाही. शेजारच्या आळीत जायचं आहे. स्वतःसाठी मागताना मान खाली जाते. सात मुलींच्या अभ्यासासाठी मागताना ती खाली घालायचं काय कारण? फक्त मागताना गोलमाल बोलू नका. "समाजकार्याला काहीतरी द्या" असं म्हटलं, की समोरची बाई दहा रुपये काढते आणि विसरून जाते. त्यापेक्षा सांगा, "अभ्यासिकेचा महिन्याचा खर्च एवढा आहे. तुम्ही महिन्याला पन्नास रुपये दिलेत तर वर्षभर खोली चालू राहील." पैसा कशाला हवा ते समजलं, की हात सैल होतो.

एकच खांब नको

आता एक सावधगिरीची गोष्ट. अण्णासाहेबांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. त्या काळचे पंधरा लाख! त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं, तेच आजचं एसएनडीटी. देणगीला अटी होत्या, आणि दरवर्षी व्याजाइतकी रक्कम विद्यापीठाला मिळत असे. सर विठ्ठलदास १९२२ साली वारले. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत विश्वस्तांशी मतभेद होऊन ती रक्कमच थांबली. नंतर तडजोड झाली, पण मधली वर्षं फार ओढीची गेली. सत्तरी ओलांडलेल्या अण्णासाहेबांनी देशात आणि परदेशात फिरून लहानमोठ्या देणग्या जमवल्या.

दोष कुणाचा, हे आपण इथे ठरवायला नको. मोठी देणगी नाकारावी असंही नाही. पण छप्पर एका खांबावर ठेवू नये, एवढं तरी शिकावं. साधा हिशेब करून बघू. समजा अभ्यासिकेला महिन्याला १,५०० रुपये लागतात. एकाच शेठजींनी ते दिले तर काम सोपं, पण उद्या ते रागावले किंवा गाव सोडून गेले, तर त्या महिन्यापासून अंधार. त्याऐवजी तीस घरांनी पन्नास पन्नास दिले, तर तेवढेच १,५०० होतात. एक घर सुटलं तर पन्नासच तुटतात, आणि ते भरून काढता येतात. शिवाय तीस घरांना अभ्यासिका 'आपली' वाटते, हा नफा वेगळाच.

आपले कर्मवीर भाऊराव पाटील हे जाणून होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बायका रोजच्या दळणातून एक मूठ धान्य बाजूला काढत. त्याचं नाव मुष्टिफंड. पैसा नसलेल्या घरालाही देणारं घर होता आलं. लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि मंगळसूत्रसुद्धा दिलं. ते आपल्याला जमायचं नाही, पण मूठ तर जमेल?

आणि दुसऱ्याच्या मुठीबरोबर स्वतःची मिळकतही हवी. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ महारोगी सेवा समिती स्थापली, तेव्हा जवळ चौदा रुपये होते असं सांगतात. ज्यांना समाजाने बाहेर काढलं त्या माणसांनीच आनंदवनात जमीन कसली, विहिरी खणल्या, कापड विणलं. देणग्या आल्या, पण संस्था त्यांच्याकडे डोळे लावून बसली नाही. अभ्यासिकेला शेती नसेल, पण दिवाळीला फराळ, उन्हाळ्यात पापड कुरडया, सुट्टीत शिवणाचा वर्ग एवढं तर होतं! खर्चातला तिसरा हिस्सा जरी स्वतः मिळवला, तरी मंडळाचा कणा ताठ होतो.

गाडगेबाबांची शिकवण

आमच्या वऱ्हाडात या विषयावर बोलायचं आणि गाडगेबाबांचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव. कारंज्याहून जवळच असलेल्या मूर्तिजापूरलाही त्यांचं मोठं काम आहे. अक्षरओळख नसलेला हा माणूस. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. लोकांनी त्यांच्या शब्दावर लाखो रुपये दिले, आणि त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्या सगळ्या त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपवल्या. स्वतःची बायकामुलं त्याची मालक होणार नाहीत याची व्यवस्था जिवंतपणीच केली. १९५६ साली ते गेले, तेव्हा मागे घरच्यांसाठी इस्टेट नव्हती, पण धर्मशाळा चालू राहिल्या.

त्यांच्या अंगावरची गोधडी हाच लोकांना दिसणारा ताळेबंद होता. आपण संसारी बायका, आपल्याकडे मिक्सर येणार, मुलगा साडी पाठवणार. म्हणून आपला ताळेबंद कागदावर हवा! मंडळाचे पैसे आणि घरचे पैसे एका डब्यात कधीही ठेवू नका. "सकाळी दूधवाल्याला देते, संध्याकाळी परत ठेवते," इथूनच घोळ सुरू होतो.

कागदपत्रांची भीती नको

आता थोडं कायद्याचं. आपले यजमान सांगतात म्हणून सह्या करू नका, स्वतः समजून घ्या.

संस्था नोंदवायची तर निदान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. नोंदणी झाली की दरवर्षी ३१ मार्चचे हिशेब तपासून सादर करायचे. अध्यक्ष, चिटणीस बदलले तर नव्वद दिवसांत 'बदल अर्ज' द्यायचा. पुष्कळ संस्था इथेच अडकतात. कागदावर जुनीच मंडळी, त्यातली काही वारलेलीसुद्धा! मग बँकेत सही चालत नाही आणि मोठी देणगी आली तर घेता येत नाही.

नोंदणी नसताना उत्सवासाठी किंवा समाजकार्यासाठी लोकांकडून वर्गणी जमवायची, तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाची मंडळं घेतात ती हीच.

देणगीदाराला प्राप्तिकरात सूट मिळावी म्हणून प्राप्तिकर खात्याची वेगळी मान्यता लागते. लोक तिला 'ऐंशी जी' म्हणून ओळखतात. ही मान्यता असलेल्या संस्थेने कुणाकडून किती घेतले ते खात्याला कळवायचं आणि देणगीदाराला दाखला द्यायचा असतो. दोन हजारांवरची रोख देणगी सुटीला चालत नाही, ती चेकने किंवा बँकेतून घ्यावी. आणि जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्यालाच ही सूट मिळते, हेही देणगीदाराला आधीच सांगा. मागाहून कळलं की मन खट्टू होतं.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घेताना फार जपून. भाचा अमेरिकेत आहे आणि त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं आहे, तर तो आपल्या कुशीत वाढलेला असला तरी कायद्याने त्याची देणगी परदेशी ठरते. ती घ्यायला २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली परवानगी लागते. भारतीय पासपोर्ट ठेवून तिथे राहणाऱ्याची गोष्ट निराळी. मोठ्या कंपन्यांना २०१४ पासून नफ्यातला काही भाग समाजकार्याला द्यावा लागतो खरा, पण त्यांचे पैसे घ्यायला संस्थेची नोंदणी, प्राप्तिकराची मान्यता आणि साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणजे पुन्हा वही आलीच. आजपासून नीट लिहिलीत तर तीन वर्षांनी उपयोगी पडेल.

एवढं मात्र करा

पावतीपुस्तक छापून घ्या, त्यावर ओळीने क्रमांक हवेत. दहा रुपये आले तरी पावती फाडा आणि स्थळप्रत जपून ठेवा. चुकलेली पावती फाडून टाकू नका, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवा.

बँकेत मंडळाच्या नावाने खातं काढा. पैसे काढताना दोघींच्या सह्या लागतील असं लिहून द्या. त्या दोघी सासूसुना किंवा जावाजावा नसाव्यात, हे ओघाने आलंच. मोबाइलवरून वर्गणी घ्यायची असेल तर तीही याच खात्यात घ्या, खजिनदारणीच्या नंबरावर नको.

रोजकीर्द त्या त्या दिवशीच लिहा. आठवड्याची कामं रविवारी आठवत नाहीत. प्रत्येक खर्चाचं बिल एका तारेला ओवून ठेवा. बिल न मिळणारा किरकोळ खर्च असेल तर साध्या कागदावर लिहून दोघींनी सही करा.

ज्या कामाला पैसे मागितले त्याच कामाला लावा. पुस्तकांसाठी आलेले पैसे रंगाला लावायची वेळ आली, तर देणाऱ्याला आधी विचारा. लोक नाही म्हणत नाहीत, न विचारल्याचा राग मात्र धरतात.

सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी हळूहळू साठवा. महिना १,५०० चा खर्च असेल तर ९,००० रुपये. घरात अडीनडीला डब्यात ठेवतो ना, तसे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, वाईट बातमीसुद्धा सांगा. पंखा विकत घेतला आणि महिन्यात जळाला, एखादी मुलगी मध्येच शाळा सोडून गेली, फराळविक्रीत नुकसान आलं, हे देणाऱ्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. दुसऱ्याकडून कळलं तर त्याला शेपूट फुटतं.

तुम्ही देणाऱ्या असाल तरी तुमचंही काम आहे. दाराशी कुणी वर्गणीला आलं की पावती मागा, नाव विचारा, काम बघायला एकदा जाऊन या. नुसते पैसे देऊन सुटू नका. आजींनी विचारलं ते योग्यच होतं. फक्त चाळीसजणींसमोर विचारायची वेळ त्यांच्यावर आली, हा दोष आमचा.

पुढे काय झालं?

हिशेब लागला त्या संध्याकाळी आम्ही जाऊबाईंकडे गेलो. त्या भाकऱ्या थापत होत्या. वर पाहिलंही नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "चूक आमची झाली. तुम्हाला एकटीला टाकलं." तरी त्या काही बोलल्या नाहीत. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी येईन. पण पैशाला एकटी हात लावणार नाही."

ही अट आम्ही लिहून घेतली. कुलूप बारा दिवसांनी उघडलं. आता अभ्यासिकेच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दहावीच्याच मुली खडूने लिहितात: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. बेरीज चुकली की शाळेत जाणारी पोरंसुद्धा थांबून सांगतात! मिक्सरवाली कुजबुज ज्यांनी केली त्यांनी माफी मागितली नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या घरून पन्नास रुपये आले, पावती क्रमांक चौदा.

आणि त्या आजी? फळा लागला त्या दिवशी त्या काठी टेकत आल्या. त्यांना वाचता येत नाही. एका मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचे एकावन्न रुपये परीक्षेच्या फॉर्मात गेले होते, आणि ज्या मुलीचा तो फॉर्म, तीच वाचून दाखवत होती. आजींनी कनवटीची पिशवी सोडली, पुन्हा एकावन्न रुपये काढले आणि हात आखडून म्हणाल्या, "पह्यले पावती दे व बाई, मंग पैसे!"

जाऊबाई खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या. पावती त्यांनीच फाडली.

मैत्रिणींनो, तुमच्या मंडळाचं पावतीपुस्तक आज कुणाच्या कपाटात आहे? उद्याच्या बैठकीत एवढं विचारून बघा. विचारताना आवाज मात्र मऊ ठेवा.